सीव्ही कसा लिहावा: कच्च्या नोंदीपासून अर्ज पाठवण्यापर्यंत

सीव्ही म्हणजे आपल्या शिक्षणाचा आणि नोकऱ्यांचा साद्यंत वृत्तांत, अशी बहुतेकांची समजूत असते. त्यामुळे एकदा लिहिलेला सीव्ही वर्षानुवर्षे तोच राहतो, प्रत्येक नव्या नोकरीबरोबर त्याला खाली चार ओळी जोडल्या जातात आणि तोच दस्तऐवज पन्नास ठिकाणी पाठवला जातो. वाचणाऱ्याला मात्र आपला वृत्तांत नको असतो. समोर असलेल्या एका विशिष्ट पदासाठी या व्यक्तीला मुलाखतीला बोलवावे की नाही, एवढाच निर्णय त्याला घ्यायचा असतो आणि हा निर्णय तो फार थोड्या वेळात घेतो. ‘द लॅडर्स’ या अमेरिकी नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१२ मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपून केलेल्या पाहणीत भरती अधिकाऱ्यांची पहिली नजर एका सीव्हीवर सरासरी सहा सेकंद टिकते असे आढळले होते. २०१८ च्या पाहणीत हा आकडा ७.४ सेकंद आला. अशा छोट्या पाहणीतील सेकंदांचा फार बाऊ करू नये, पण ती नजर कुठे जाते हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: नाव, सध्याचे पद आणि संस्था, त्याआधीचे पद आणि संस्था, त्यांच्या तारखा आणि शिक्षण. एवढ्या जागा पाहून वाचणाऱ्याची उत्सुकता वाढली, तरच तो पुढचे वाचतो.

आधी कच्ची नोंद

सीव्ही लिहायला थेट बसू नये. त्याआधी कोणालाही न पाठवण्यासाठी एक वेगळी फाइल तयार करावी आणि तिच्यात आपल्या कामाची सगळी माहिती, नीटनेटकेपणाची पर्वा न करता, उतरवून काढावी. प्रत्येक नोकरीसाठी नियुक्तिपत्रावर असलेले पदनाम, रुजू झाल्याचा आणि कार्यमुक्त झाल्याचा महिना व वर्ष, आपण कोणाला अहवाल देत होतो, आपल्या हाताखाली किती जण होते, कोणती यंत्रे किंवा सॉफ्टवेअर वापरली, दिवसाला किंवा महिन्याला कामाचा व्याप किती होता, आपण आल्यानंतर काय बदलले आणि कोणत्या कामाचे कौतुक झाले, हे सारे तिच्यात यावे. आठवणीवर फार विसंबू नये. जुनी ईमेल, वार्षिक मूल्यमापनाचे अर्ज, अनुभव प्रमाणपत्रे आणि पगाराच्या पावत्या चाळल्या की विसरलेल्या कितीतरी गोष्टी हाती लागतात.

तारखांच्या बाबतीत तर कागदच प्रमाण मानावा. अनेक संस्था निवडीनंतर पूर्वेतिहासाची पडताळणी करतात आणि सीव्हीवरील तारीख अनुभव प्रमाणपत्राशी जुळली नाही, तर चूक नकळत झालेली असली तरी खुलासा देत बसावे लागते.

जाहिरात पेन घेऊन वाचावी

ज्या पदासाठी अर्ज करायचा आहे त्याची जाहिरात छापून किंवा वेगळ्या फाइलमध्ये घेऊन सावकाश वाचावी. प्रत्येक जाहिरातीत तीन प्रकारचा मजकूर मिसळलेला असतो: ज्यावाचून काम होणारच नाही अशा अटी, असल्यास बऱ्या अशा अपेक्षा, आणि ‘उत्साही’, ‘मेहनती’, ‘संघभावनेने काम करणारा’ यांसारखी भरताड विशेषणे. पहिल्या प्रकाराखाली रेघ ओढावी. कामाच्या यादीत सर्वात आधी आलेल्या दोन-तीन बाबी आणि मजकुरात पुन्हा पुन्हा येणारे शब्द बहुधा याच प्रकारात मोडतात. मग रेघ ओढलेल्या प्रत्येक अटीसमोर कच्च्या नोंदीतला पुरावा लिहावा. जिथे पुरावा नाही तिथे जागा कोरी सोडावी.

या कोऱ्या जागा पाहून अर्ज करायचा की नाही हे ठरवता येते. कायद्याने आवश्यक असलेला परवाना किंवा नोंदणी नसेल, तर अर्ज करणे वेळेचा अपव्यय आहे. परंतु पाच वर्षांचा अनुभव मागितला आहे आणि आपला चार वर्षांचा आहे, किंवा एखादे सॉफ्टवेअर येत नाही पण त्याच धर्तीचे दुसरे येते, एवढ्यावरून माघार घेण्याचे कारण नाही.

जाहिरातीतील संज्ञा आपल्या सीव्हीत जशीच्या तशी वापरणे हिताचे असते. मोठ्या संस्थांमध्ये अर्ज आधी एका संगणकीय प्रणालीत साठवले जातात आणि भरती करणारी व्यक्ती त्यांत शब्द टाकून शोध घेते. जाहिरातीत ‘साठा व्यवस्थापन’ म्हटले असेल आणि आपण ‘स्टोअरचे काम’ लिहिले असेल, तर काम तेच असूनही आपला अर्ज शोधात वर येईलच असे नाही. मात्र जी कौशल्ये अंगी नाहीत त्यांचे शब्द पेरणे, किंवा पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत ते दडवून ठेवणे, हा शहाणपणा नव्हे. प्रणालीत मजकूर साधा होऊन उमटला की ही चलाखी उघडी पडते.

मांडणीचा क्रम

ज्याला नोकरीचा अनुभव आहे त्याने ताजी नोकरी सर्वात वर आणि जुन्या नोकऱ्या क्रमाने खाली, हाच क्रम ठेवावा. तारखा बाजूला सारून केवळ कौशल्यांच्या शीर्षकांखाली अनुभव मांडण्याचीही एक पद्धत आहे आणि नोकरीत खंड पडलेल्यांना ती वारंवार सुचवली जाते. माझ्या मते ती टाळलेलीच बरी, कारण असा सीव्ही हाती आला की अनुभवी वाचकाच्या मनात पहिला विचार ‘यात काय लपवले आहे?’ हाच येतो. क्षेत्र बदलू पाहणाऱ्याने वर कौशल्यांचा एक छोटा परिच्छेद द्यावा आणि त्याखाली नोकऱ्या तारखांसह नेहमीच्या क्रमाने लिहाव्यात. नुकतेच शिक्षण संपवलेल्यांनी शिक्षण वर घ्यावे आणि प्रकल्प, प्रशिक्षणार्थी म्हणून केलेले काम, अर्धवेळ नोकरी, एखाद्या कार्यक्रमाचे हिशेब सांभाळणे, अशा गोष्टी अनुभव म्हणूनच, तेवढ्याच काळजीने लिहाव्यात.

अनुभवाची ओळ कशी घडते

सीव्हीचा खरा कस इथे लागतो, म्हणून एकच ओळ जवळून पाहू. गोदामात काम करणाऱ्या एका काल्पनिक अर्जदाराने लिहिले आहे: ‘गोदामातील साठ्याच्या नोंदी ठेवणे व अहवाल तयार करणे ही जबाबदारी सांभाळली.’ या वाक्यात चूक काहीच नाही, पण जगातील कोणत्याही गोदामातील कोणीही कर्मचारी हेच वाक्य लिहू शकतो. ते काम चांगले झाले की वाईट, याचाही त्यातून पत्ता लागत नाही.

आता त्याला प्रश्न विचारावेत. गोदामात वस्तू किती प्रकारच्या होत्या? सुमारे १,२००. नोंदी कशात ठेवल्या जात? आधी वहीत, नंतर याने एक्सेलमध्ये तक्ता बनवला. तो कोणी सांगितला? कोणीच नाही, महिनाअखेरची मोजणी तीन दिवस चालायची, म्हणून त्याने स्वतःहून सुरुवात केली. मग काय झाले? मोजणी एका दिवसात आटोपू लागली. अहवाल कोणाकडे जात? खरेदी विभागाकडे, आणि तफावत असेल तर लेखा विभागाकडेही. एवढी उत्तरे मिळाली की ओळ अशी होते: ‘सुमारे १,२०० वस्तूंच्या साठ्याची नोंद स्वतः पुढाकार घेऊन वहीतून एक्सेलमध्ये आणली, महिनाअखेरची मोजणी तीन दिवसांऐवजी एका दिवसात पूर्ण होऊ लागली.’

साठा व्यवस्थापनाच्या पदासाठी ही ओळ उत्तम आहे. पण हीच व्यक्ती उद्या लेखा सहायकाच्या पदासाठी अर्ज करणार असेल, तर वाचणाऱ्याला मोजणीच्या दिवसांशी फारसे कर्तव्य नाही. तिथे त्याच कामाची दुसरी बाजू पुढे यावी: ‘मोजणीत आढळलेल्या तफावती खरेदीच्या बिलांशी पडताळून लेखा विभागाला दरमहा लेखी कळवल्या, वार्षिक लेखापरीक्षणासाठी साठ्याचे विवरण तयार केले.’ व्यक्ती तीच, काम तेच, आणि दोन्ही ओळी खऱ्या. प्रत्येक अर्जासाठी सीव्ही नव्याने जुळवावा असे म्हणतात ते याच अर्थाने. त्यासाठी सगळा मजकूर मुळापासून लिहावा लागत नाही, कच्च्या नोंदीतून वेगळी निवड करावी लागते.

आकडे हाती असतील तर जरूर द्यावेत, पण मुलाखतीत ‘हा आकडा कसा काढला?’ असे विचारल्यावर सांगता येतील तेवढेच. अंदाज असेल तर ‘सुमारे’ लिहावे. आकड्यांत न मावणारी कामेही पुष्कळ असतात. शिक्षक, परिचारिका, स्वागतकक्षातील कर्मचारी यांनी कामाची व्याप्ती, वारंवारता आणि अवघडपणा सांगितला तरी ओळ भरीव होते. ‘रुग्णसेवा केली’ यापेक्षा ‘रात्रपाळीत वीस खाटांच्या कक्षात दोन परिचारिकांपैकी एक म्हणून काम’ यातून वाचणाऱ्याला चित्र दिसते.

क्रियापदांकडेही लक्ष द्यावे. ‘सहभाग घेतला’, ‘मदत केली’, ‘संबंधित कामे पाहिली’ या शब्दांआड नेमके काय केले ते दडून जाते. आखले, तपासले, दुरुस्त केले, शिकवले, वसूल केले, उभारले अशी कृती सांगणारी क्रियापदे निवडावीत. गटाने केलेले काम एकट्याच्या नावावर घेऊ नये. ‘पाच जणांच्या गटात चाचणीची बाजू सांभाळली’ असे लिहिल्याने आपले महत्त्व कमी होत नाही, उलट बोलण्यावर विश्वास बसतो. आधीच्या संस्थेच्या ग्राहकांची नावे, उलाढाल किंवा किमती लिहिण्यापूर्वी गोपनीयतेचा करार आठवावा. जो माणूस जुन्या मालकाची गुपिते कागदावर मांडतो, तो आपलीही मांडेल, हे नव्या मालकाला कळते.

ताज्या नोकरीला चार ते सहा ओळी, त्याआधीच्या नोकरीला तीन-चार, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कामाला पदनाम व तारखांसह एखादी ओळ पुरे.

वरचा परिचय सर्वात शेवटी लिहावा

नावाखालचा तीन-चार ओळींचा परिचय सीव्हीत पहिला असला, तरी बाकी सगळे लिहून झाल्यावरच तो हाती घ्यावा. ‘आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा उपयोग करून संस्थेच्या प्रगतीस हातभार लावण्याची इच्छा’ हे वाक्य इतक्या सीव्हींत असते की वाचणाऱ्याची नजर त्यावरून सहज घसरून जाते. त्याऐवजी आपण कोण, किती वर्षे कोणते काम केले, या पदाला उपयोगी अशी सर्वात मोठी बाब कोणती, एवढे सांगावे. उदाहरणार्थ: ‘साठा व्यवस्थापनाचा सहा वर्षांचा अनुभव. गोदामाच्या नोंदी वहीतून संगणकावर नेल्या. खरेदी आणि लेखा या दोन्ही विभागांशी रोजचा संबंध.’ यात विशेषण एकही नाही आणि त्याची उणीवही भासत नाही.

शिक्षण, कौशल्ये, भाषा

शिक्षणात सर्वोच्च पदवी आधी यावी. अनुभव वाढत जाईल तसा हा भाग आखडत जातो आणि दहा वर्षे नोकरी केलेल्याने शालेय गुण देण्याची गरज उरत नाही, जाहिरातीत मागितले असतील तर गोष्ट वेगळी. कौशल्ये लिहिताना नेमकेपणा हवा: ‘एक्सेल’ एवढ्याने काही कळत नाही, ‘एक्सेलमध्ये पिव्हट टेबल व पडताळणीचे तक्ते’ यातून कळते. कौशल्यांसमोर पाचपैकी चार तारे किंवा ऐंशी टक्के भरलेली पट्टी काढण्याची पद्धत दिसायला आकर्षक असली तरी निरर्थक आहे. ऐंशी टक्के कशाच्या, हे कोणालाच सांगता येत नाही. भाषांसाठी मात्र खरे मोजमाप उपलब्ध आहे. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत आणि परदेशी अर्ज करताना त्या वापरणे सोयीचे पडते. परीक्षा दिलेली नसेल तर ‘बोलणे सफाईदार, लेखन कामापुरते’ असे साध्या शब्दांत लिहावे.

छंदांचा रकाना सरसकट गाळायला हरकत नाही. त्या पदाशी नाते सांगणारा एखादा छंद असेल तर तेवढाच ठेवावा.

वैयक्तिक माहिती किती द्यावी

नाव, फोन, ईमेल आणि राहण्याचे शहर पुरते. ओळखपत्रांचे, पारपत्राचे किंवा बँक खात्याचे क्रमांक सीव्हीत कधीही देऊ नयेत. हा कागद किती हातांतून जाईल याचा नेम नसतो आणि खोट्या जाहिराती देऊन अशी माहिती गोळा करणारेही असतात. छायाचित्र, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती यांबाबत देशोदेशी रीत वेगळी आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ही माहिती देत नाहीत. जर्मनीत छायाचित्र जोडण्याची जुनी प्रथा आहे, पण ते सक्तीचे नाही. जपानमध्ये ‘रिरेकिशो’ हा ठरावीक नमुना वापरला जातो, तर युरोपीय संघात ‘युरोपास’चा नमुना विनामूल्य मिळतो.

ही माहिती गाळण्यामागे नुसता शिष्टाचार नाही. मेरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि शिकागोतील जाहिरातींना काल्पनिक अर्ज पाठवून केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सीव्हीचा दर्जा सारखा असूनही श्वेतवर्णीय वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली होती. पूर्वग्रहाला वाव देणारा जो तपशील वगळता येतो आणि जो कोणी मागितलेला नाही, तो स्वतःहून पुरवू नये.

नोकरीतील खंड

आजारपण, अपत्यसंगोपन, घरातील कोणाची शुश्रूषा, नोकरकपात किंवा परीक्षेची तयारी यांमुळे पडलेला खंड झाकण्यासाठी तारखा ताणू नयेत आणि महिने गाळून केवळ वर्षेही देऊ नयेत. ‘मार्च २०२१ ते जून २०२२: कौटुंबिक जबाबदारीसाठी नोकरीतून विराम, या काळात टॅलीचा अभ्यासक्रम पूर्ण केला’ अशी एक सरळ ओळ पुरते. आजाराचे नाव किंवा घरातील अडचणींचे वर्णन सीव्हीत आणण्याचे कारण नाही. आधीची नोकरी का सोडली, हेही लिहायचे नसते. त्याचे उत्तर मुलाखतीसाठी तयार ठेवावे.

पान, फाइल आणि यंत्राची नजर

थोडा अनुभव असल्यास एक पान, अधिक असल्यास दोन. अध्यापन आणि संशोधनाच्या पदांसाठी प्रकाशनांची यादी द्यावी लागते, तिथे पानांची मर्यादा नसते. अक्षर दहा ते बारा पॉइंटचे, समास साधारण दोन सेंटिमीटर, आणि सगळीकडे एकच टंक. कागद ए-४ आकाराचा ठेवावा. अमेरिका व कॅनडासाठी तेथील ‘लेटर’ आकार निवडावा.

दोन स्तंभांचे रंगीत नमुने इंटरनेटवर ढिगाने मिळतात, पण अर्ज साठवणाऱ्या प्रणालींना ते नीट वाचता येतीलच असे नाही. तक्ते, मजकुराच्या चौकटी आणि चिन्हे यांत अडकलेला मजकूर उलटसुलट होतो आणि पानाच्या शीर्षपट्टीत लिहिलेला फोन क्रमांक कधी कधी गळून पडतो. याची चाचणी घरच्या घरी करता येते: तयार पीडीएफमधील सगळा मजकूर निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवावा. तिथे तो योग्य क्रमाने, सलग आणि वाचता येईल असा उमटला, तर यंत्रालाही तो बहुधा वाचता येईल. सीव्ही मराठीत असेल तर ही चाचणी अधिकच महत्त्वाची आहे, कारण युनिकोड नसलेल्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर तिथे इंग्रजी अक्षरांचा खिचडा होऊन दिसतो. छापलेल्या कागदाचे छायाचित्र काढून पाठवू नये.

जाहिरातीत वर्ड फाइल मागितली असेल तर वर्ड, अन्यथा पीडीएफ. वर्ड पाठवताना दुरुस्त्यांच्या खुणा आणि टिपा काढून टाकल्या आहेत ना, हे पाहावे. फाइलच्या नावात आपले नाव आणि पद असावे. ‘नवीन सीव्ही अंतिम ३’ हे नाव आपल्याला कळते, समोरच्याला नाही.

पाठवण्यापूर्वी

मजकूर लिहिल्यावर एक रात्र जाऊ द्यावी आणि मग तो कागदावर छापून मोठ्याने वाचावा, म्हणजे पडद्यावर निसटलेल्या चुका सापडतात. दिलेला फोन क्रमांक दुसऱ्या फोनवरून लावून पाहावा, प्रत्येक दुवा उघडून पाहावा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून भाषा घासून घेतली असेल, तर प्रत्येक ओळ कच्च्या नोंदीशी ताडून पाहणे आवश्यक आहे. ही साधने न केलेली कामेही बिनदिक्कत भरतात आणि मुलाखतीत त्यांचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो. त्यानंतर आपल्या क्षेत्राबाहेरील कोणाला तरी सीव्ही अर्धा मिनिट दाखवून काढून घ्यावा आणि ‘मी काय काम करतो? कोणत्या पदासाठी अर्ज करतो आहे? लक्षात राहिलेली एक गोष्ट कोणती?’ हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे डळमळीत आली तर पहिल्या अर्ध्या पानाची मांडणी बदलावी.

संदर्भ देणाऱ्यांची नावे मागितली नसतील तर देऊ नयेत. मागितली असतील तर आधी त्यांची परवानगी घ्यावी आणि कोणत्या पदासाठी अर्ज करत आहोत हेही त्यांना कळवावे, म्हणजे अचानक फोन आल्यावर ते गोंधळणार नाहीत. ईमेलच्या मजकुरात पदाचे नाव, जाहिरातीचा क्रमांक आणि आपण योग्य का आहोत हे सांगणारी दोन-तीन वाक्ये पुरतात. सीव्ही तिथे पुन्हा लिहू नये.

अर्ज गेल्यावर पाठवलेल्या सीव्हीची प्रत आणि जाहिरातीचा पूर्ण मजकूर एकाच फोल्डरमध्ये तारखेसह जपून ठेवावा. मुलाखतीचे बोलावणे कित्येकदा महिन्याभराने येते. तोवर जाहिरात संकेतस्थळावरून उतरलेली असते आणि मुलाखत घेणाऱ्यासमोर आपल्या सीव्हीची नेमकी कोणती आवृत्ती आहे, हे त्या फोल्डरवाचून कळायला मार्ग नसतो.